करवलीची डुप्लिकेट

३ मार्च

पोचले एकदाची! शेवटचा रस्ता रस्ता म्हणण्याच्या लायकीचा नव्हता. अंगातली हाडं जागच्या जागी आहेत याची खात्री करून मगच लिहायला बसले आहे. गाडीवाला मात्र सारा वेळ शीळ घालत होता. उतरताना म्हणाला, ताई, परत जाताना मीच न्यायला येईन, तोवर सवय होईल.

जागा झकास आहे. दगडाची जुनी खाण, बंद पडून बरीच वर्षं झालेली. कामगारांच्या खोल्यांची एक लांब ओळ आहे, तीच आम्हाला राहायला दिली आहे. लोखंडी पलंग, भिंतीला खुंट्या, वर पत्रा आणि प्रत्येकाला एक खिडकी. माझी खोली अगदी टोकाची. खिडकीसमोर कडा आणि कड्याच्या माथ्यावरून पलीकडच्या सुळक्यापर्यंत टांगलेला दोरांचा पूल. खालची दरी इथून दिसत नाही, पण वारा तिथूनच येतो. चहा हवा तेवढा मिळतो, अंघोळीला गरम पाणी आहे. मी तर खूश आहे बाई.

कार्यक्रम म्हणजे एक खूळ आहे. लग्न ठरलेली जोडपी येतात, पण उड्या मारायच्या त्यांच्या मित्रमैत्रिणींनी. नवरानवरी खाली काचेच्या खोलीत बसून टाळ्या पिटणार आणि मित्रमंडळी त्यांच्या लग्नाचे पोशाख अंगावर चढवून कडे चढणार, दरी ओलांडणार. पोशाखाला डाग पडला की गुण कापले. ज्यांचे मित्र जिंकतील त्यांचं लग्न कार्यक्रमाच्या खर्चानं, थाटामाटात. आणि मित्रांना काय? मित्रांना मैत्रीचं समाधान! स्पर्धकांना इथे सगळे करवली म्हणतात, पुरुषांनासुद्धा. एका नवऱ्याचा मित्र इतका किडकिडीत आहे की मी त्याला मनातल्या मनात काडी नाव ठेवलंय. तोही करवलीच. एका नवरीची मैत्रीण आहे, ती बोलण्याऐवजी शिट्ट्याच मारते. ती शिट्टी.

मी स्पर्धक नाही. मी डुप्लिकेट. लांबून टिपायच्या दृश्यांत स्पर्धकाचे कपडे घालून त्याच्या जागी चढायचं, लोंबकळायचं आणि कॅमेऱ्याकडे तोंड करायचं नाही. नाव कुठेही येणार नाही. घरी नवऱ्याला वाटतंय, मी नेहमीप्रमाणे पोहण्याच्या शिबिरात मुलांना पाण्यात ढकलतेय.

आता खरं ते लिहिते. मागच्या वर्षी याच कामावर असताना, याच पुलावरून माझी तायडी पडली. अंगावर कुणा भलतीच्याच लग्नाचा पोशाख होता. घरी निरोप आला, पाय घसरला. तायडीचा पाय! जी गच्चीच्या कठड्यावरून चालत केस विंचरायची, तिचा? आई तेव्हापासून दाराकडे पाठ करून बसते. मी नाही बसणार. कुणीतरी काहीतरी केलंय, किंवा करायचं ते केलेलं नाही. तो माणूस मला शोधायचाय, आणि सापडल्यावर त्याला दयामाया दाखवायची नाहीये. मी सासरचं आडनाव लावते, त्यामुळे इथे कुणाला पत्ता नाही मी कोणाची कोण ते.

४ मार्च

कामाची पद्धत कळली. कड्यावर ऊन फक्त सकाळी असतं, मग सगळा कडा सावलीत जातो. म्हणून लांबची दृश्यं आधी उरकतात. उजाडलं की मी स्पर्धकाच्या कपड्यांत वर आणि ड्रोन आकाशात. मग दुपारी खरे स्पर्धक तीच वाट चालतात आणि त्यांचे चेहरे जवळून टिपतात. दोन्ही जुळायला हवं, म्हणून मी सकाळी जे करीन तेच त्यांनी दुपारी करायचं. मी आधी उजवा पाय टाकला तर त्यांनीही उजवाच. टीव्हीसमोर बसलेले म्हणणार, काय छाती आहे पोरीची! छाती भाड्याची आहे हे त्यांना कोण सांगणार?

दिग्दर्शक एक बाई आहे. सगळे तिला मॅडम म्हणतात आणि ती सगळ्यांना राजा म्हणते. गळ्यात दोन चष्मे, आवाज लोण्यासारखा. मला म्हणाली, सरळ चालत गेलेली करवली कोण बघणार, राजा? त्या फुटक्या दगडापाशी जरा घसर.

कपड्यांच्या खोलीत एक मावशी आहे. इस्त्री, सुई आणि तोंडात टाचण्या, त्यामुळे फारशी बोलत नाही. तिनं मला शिट्टीच्या नवरीचा पोशाख चढवला. लांब घोळ, पाठीवर जाळीची ओढणी. कुठेही टाचणी लावावी लागली नाही. मावशीनं मला दोन्ही खांद्यांना धरून उजेडाकडे वळवलं, पाहिलं आणि बाहेर पाठवलं. तिचे हात गार होते.

आणि दोरवाला. त्याला इथे गाठ्या म्हणतात. ठेंगणा, माझ्याएवढाच, केशरी जॅकेटातला. पट्टा बांधताना माझ्याकडे बघत नाही, फक्त दोराकडे बघतो. एक मुख्य दोर आणि एक राखीव. गाठ बांधली, ओढून पाहिली, पुन्हा ओढून पाहिली. मॅडम खालून ओरडल्या की राखीव दोर पांढऱ्या पोशाखावर उठून दिसतोय, काढ. तो मान खाली घालून म्हणाला, दुसऱ्या रंगाचा लावतो, पण लावतोच. मी मनात म्हटलं, वा रे वा! एवढी काळजी आत्ताच कुठून उगवली? मागच्या वर्षी कुठे झोपली होती? या माणसावर डोळा ठेवायचा असं मी ठरवून टाकलं.

फुटक्या दगडापाशी मी ठरल्याप्रमाणे घसरले. गुडघा जरा खरचटला. मॅडम खूश झाल्या.

५ मार्च

काल दुपारी शिट्टी त्याच दगडापाशी आली. तिला सांगितलं होतं, घसरल्यासारखं कर. ती खरोखरच घसरली. माझं जिथे खरचटलं तिथेच तिचा पाय मोडला, गुडघ्याखाली. पहिल्यांदाच ती शिट्टी न मारता ओरडली. तिची नवरी काचेच्या खोलीत ढसाढसा रडली. आधी मैत्रिणीसाठी आणि मग हातचं लग्न गेलं म्हणून. दुसरं रडणं जरा मोठं होतं.

सगळे म्हणाले, दगड ओला असेल. दगड ठणठणीत कोरडा होता. मी त्यावर सकाळी बसले होते.

रात्रभर कूस बदलत होते. वेडगळ विचार आहे, पण डोक्यातून जात नाही. गुडघा तोच, जागा तीच. माझं नुसतं खरचटलं, तिचं मोडलं.

७ मार्च

आज मुद्दाम करून पाहिलं. हो, मुद्दाम. लिहायला लाज कशाची?

काडीचं दृश्य होतं. त्याच्या नवऱ्याचा काळा कोट घालून कड्याला लोंबकळायचं होतं. मॅडमनी दोन्ही हात सांगितले होते, मी एकाच हातानं लोंबकळले. डाव्या. खांद्याला जरा रग लागली, तळहातावर दोराचा लाल वळ उठला. बस, एवढंच. दुपारी काडीला मॅडम म्हणाल्या, डुप्लिकेटनं डावा हात वापरलाय, तूही तसंच कर. त्याचा खांदा निखळला आणि दोर तळहातात हाडापर्यंत रुतला. बिचारा रडतसुद्धा नव्हता, नुसता स्वतःच्या हाताकडे आश्चर्यानं बघत होता.

मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, त्याहून जास्त दुसरंच काहीतरी वाटलं. हातात हत्यार आल्यासारखं.

संध्याकाळी ड्रोनवाल्यानं मॉनिटरवर सकाळचं दृश्य दाखवलं आणि भिंगाला शिव्या घालू लागला. कड्याच्या वाटेवर मी काळ्या कोटात चाललेय, आणि माझ्यापुढे आणखी कुणीतरी चाललंय. पांढरं, पुसट. तो म्हणाला, उन्हाची तिरीप असते अशी कधीकधी, पुसून टाकू. मी त्याला म्हटलं, जरा मागे घे. पुन्हा घे. ते पांढरं जे होतं ते घोळ करंगळीनं उचलून चालत होतं. जिन्यावरून उतरताना तायडी परकर असाच उचलायची. आई ओरडायची, चार बोटं काय माझ्यासाठी ठेवलीस?

घाबरायला हवं होतं ना? मी भिंतीला टेकून हसत सुटले. ड्रोनवाल्याला वाटलं, ऊन लागलं हिला. तायडी इथे आहे. माझ्यापुढे चालतेय. मी एकटी नाहीये, आम्ही दोघी मिळून त्याला शोधतोय.

८ मार्च

सापडला.

स्पर्धकांत आता दोनच जोड्या उरल्या आहेत. उद्या पुलावर शेवटची फेरी. त्यामुळे आज शूटिंग बंद होतं आणि मॅडमनी मला चहाला बोलावलं. त्यांच्या खोलीत गालिचा आहे, हीटर आहे. मी भोळेपणाचा आव आणून विचारलं, मागच्या वर्षी म्हणे इथे कुणी पडलं? त्यांनी दोन्ही चष्मे काढून ठेवले, डोळे टिपले. म्हणाल्या, फार गुणी पोर होती, राजा. गाठ्यानं राखीव दोर लावलाच नाही. बोलू नये, पण पोरीचा जीव गेला तो त्याच्या हलगर्जीपणानं. मी त्याच्या पोटावर पाय आणला नाही, माझीच चूक.

मी कप तसाच खाली ठेवला. त्यांना वाटलं, मी घाबरले. म्हणाल्या, तू नको काळजी करूस, आता तो नीट बांधतो.

तशीच उठून गाठ्याकडे गेले. सामानाच्या खोलीमागे तो टबात दोर धूत बसला होता. विचारलं, मागच्या वर्षी त्या मुलीचा दोर कुणाच्या ताब्यात होता? त्याचे हात पाण्यातच थांबले. म्हणाला, चूक माझीच. मी तिथून हलायलाच नको होतं. त्याचं पहिलं वाक्य मी मनात धरलं. दुसरं कानाशीच राहिलं. कबूल केलंन ना स्वतःच्या तोंडानं? मग झालं तर!

तिच्या राखीव दोराची गाठच न बांधणारे हात, आणि आज तेच माझी गाठ तीनतीनदा ओढून बघतात. त्या हातांचा मला संताप आला.

करवल्यांच्या आधी पूल तपासायला तो एकटाच जातो. उद्याही जाईल. त्याचं जॅकेट आणि हेल्मेट सामानाच्या खोलीच्या खुंटीवर असतं. जॅकेट मला बरोबर बसेल.

९ मार्च, सकाळ

केलं.

उजाडताच ड्रोनवाल्याला उठवलं. मॅडमना धुक्यातला पूल हवाय अशी थाप मारली. धुकं म्हटलं की तो पांघरूणातून उडीच मारतो. केशरी जॅकेट, डोक्यावर त्याचं हेल्मेट. जॅकेटला साबणाचा आणि दोराचा वास होता. राखीव दोर माझा मीच बांधला, त्याच्याच पद्धतीची गाठ. इतके दिवस बघून बघून शिकले आहे.

पुलाच्या मध्यावर पोचले तर समोर तायडी उभी. या वेळी मॉनिटरवर नाही, डोळ्यांसमोर. धुक्यात पांढरा पोशाख, ओढणी वाऱ्यानं एका बाजूला गेलेली. चेहरा नीट दिसत नव्हता. तिनं दोन्ही हात पसरले. मला मिठीत घेत होती. माझे डोळे भरून आले. मी म्हटलं, तायडे, आणलाय गं त्याला, हा बघ त्याच्याच कपड्यांत आणलाय. आणि तशीच पुढे गेले, तिच्यातून. भिजलेल्या कापडातून गेल्यासारखं वाटलं.

मग मी दोन्ही हात सोडले.

राखीव दोरानं हिसका दिला. बरगड्यांवर वळ आहेत, श्वास घेताना दुखतंय. काही हरकत नाही. माझे नुसते वळ आहेत.

आता खिडकीत बसून वाट बघतेय. जॅकेट जागेवर टांगून आलेय. तो आत्ताच ते अंगात घालून माझ्या खिडकीवरून गेला. मला बघून पहिल्यांदाच जरासा हसला.

९ मार्च, संध्याकाळ

गाठ्या गेला.

पुलाच्या मध्यावर थांबला. दोन्ही हात सोडले, जसे मी सोडले होते. मुख्य दोर सुटला. राखीव दोराची कडी आपोआप उघडली. ज्याच्या हातची कडी कधी उघडली नाही, त्याची. मी सगळं बघितलं, डोळ्यांची पापणी न लववता. मला आनंद झाला. आईला सांगायचं म्हणून वाक्यसुद्धा जुळवायला लागले होते.

मग पलीकडच्या सुळक्यावरून किंकाळी आली. बाईची. लांबच लांब, संपेचना. सगळ्यांना वाटलं, नवरीमुलींपैकी कुणी ओरडली. मी बघितलं. काचेच्या खोलीतल्या दोघी तोंडावर हात दाबून उभ्या होत्या. त्यांच्यापैकी कुणी ओरडली नव्हती.

तो आवाज मी ओळखते. तायडी आनंदानं तसं ओरडत नाही.

१० मार्च

पोलीस आले. सगळ्यांचे जबाब होईपर्यंत कुणी जागा सोडायची नाही म्हणाले.

मावशीनं मला बोलावलं. कपड्यांच्या खोलीत दार लावून घेतलं आणि माझ्या गळ्यात पडून रडायला लागली. म्हणाली, पोरी, तू त्याच मुलीची बहीण ना? गाठ्यानं पहिल्या दिवशीच ओळखलं होतं. मला सांगितलं होतं त्यानं, ही रागावली की तिच्यासारखीच हनुवटी वर करते. तुझ्याशी बोलायचा धीर होत नव्हता त्याला.

राखीव दोर त्यानं काढला नव्हता. मॅडमना तो पांढऱ्या पोशाखावर दिसत होता. काढ म्हणाल्या, तो नाही म्हणाला. वाद झाला. त्याला खाली सामान आणायला पिटाळलं आणि तो गेल्यावर मॅडमनी दुसऱ्याकडून दोर काढवला. ऊन जात होतं म्हणून. तायडी म्हणाली, एकदाच तर जायचंय. तो धापा टाकत वर आला तेव्हा पूल रिकामा होता.

आणि त्याचं नि तायडीचं लग्न ठरलं होतं. काम संपलं की करणार होते. मावशी तिचा पोशाख शिवत होती. तिचा स्वतःचा.

शेवटच्या फोनवर तायडी आईला म्हणाली होती, येताना एक गंमत घेऊन येते. आम्ही वर्षभर डोकं खाजवत होतो, काय गंमत असेल म्हणून.

या वर्षी नवी डुप्लिकेट येतेय हे कळल्यावर तो परत आला. एकाच अटीवर. तिचा दोर दुसऱ्या कुणी बांधायचा नाही.

मावशी बोलत होती आणि मला सारखी पुलावरची तायडी दिसत होती. हात पसरलेली. ती मला मिठीत घेत नव्हती. ती वाट अडवत होती.

मी तिच्यातून चालत गेले.

११ मार्च

मॅडम. खरी ती. सोडणार नाही तिला.

पहाटे तिचा कोट उचलला, गळ्यात एक चष्मा अडकवला. ड्रोन नाही, कुणी नाही. पुलावर गेले, दोर बांधला, हात सोडले. सगळं तसंच केलं. तायडी दिसली नाही. हाका मारल्या. तायडे, ये ना गं, या वेळी चुकले नाहीये मी.

दिवसभर बाईच्या मागे मागे फिरले. ती चहा प्याली. पोलिसांना राजा म्हणाली. जेवली. तिला साधी शिंकसुद्धा आली नाही.

माझ्या बरगड्या मात्र मोडल्या आहेत बहुतेक. वाकता येत नाही.

तायडी आता माझ्यापुढे चालत नाही.

१२ मार्च

सकाळी खिडकी उघडली. कड्यावर ऊन आलं होतं. वाटेवर कुणीतरी चढत होतं. हिरवा स्वेटर. वाकून, बरगड्यांना हात लावून.

हिरवा स्वेटर माझा आहे. माझ्या अंगात आहे.

मावशीला हाक मारून दाखवलं. तिला काही दिसेना. म्हणाली, पोरी, झोप जरा.

ती — मी — ती फुटक्या दगडापाशी थांबली. बसली. कपाळ दगडावर आपटलं. जरासंच. मी खिडकीपासून लांब झाले, पलंगावर बसले, काहीही केलं नाही, आणि पत्र्याखालच्या लोखंडी पट्टीचा एक टोकदार तुकडा निसटून खाली आला. कपाळावर टाके पडलेत. तिचं नुसतं खरचटलं असेल.

ती उठताना घोळ उचलल्यासारखा स्वेटरचा काठ उचलत होती. करंगळीनं.

आता कळलं. माझी डुप्लिकेट. आधी ती, मग मी. तायडीच्या रागाच्या रांगेत मी मॅडमच्याही पुढे आहे. बरोबरच आहे. मॅडमनी दोर काढला, पण तिच्या माणसाला मारलं ते मी. तिच्यासाठी म्हणून मारलं — तिला विचारलं कुठे होतं —

पोलिसांना म्हटलं, मला कोंडून ठेवा. ते म्हणाले, बाई, तुम्ही काय केलंय? मी सांगितलं. त्यांनी एकमेकांकडे बघितलं.

१३ मार्च

उजाडतंय.

दाराला बाहेरून कडी घालून घेतली मावशीकडून. स्वतःला पलंगाला बांधलंय. पलंग जमिनीत पक्का बसवलेला आहे. गाठ त्याच्या पद्धतीची. ती सुटत नाही. त्याच्या हातची सुटली ती मी सोडवली म्हणून.

खिडकी बंद करायला हवी होती. आता हात पोचत नाही.

ती आलीय. पुलाच्या तोंडाशी बसलीय. हिरवा स्वेटर, डोक्याला पट्टी. कमरेला दोर आहे, खांबाला बांधलेला. मांडीवर वही. लिहितेय.

तायडे, मला माहीत नव्हतं गं. कुणी सांगितलंच नाही. तू तरी सांगायचंस फोनवर. आम्ही नाही म्हटलं असतं का? आईनं त्याला —

तिनं मान वर केली. इकडे बघतेय. एवढ्या लांबून डोळे दिसू नयेत, दिसताहेत.

माझे नाहीत. तायडीचे आहेत.

डाव्या हातानं लिहितेच आहे ती, माझ्यासारखीच. उजवा कमरेकडे नेला. गाठ चाचपतेय —

नाही. मी सोडणार नाहीये. माझा उजवा हात इथे आहे, वहीवर दाबून ठेवलाय, मला दिसतोय, हा इथे —

इथे होता — तायडे, नको — गाठ सैल —

दाराची कडी कुणी का—